पेटीला बांधलेली खस

"मॅडम, आमच्या थर्मामीटरवर दिवसाचं तापमान वाढलंच नाही. मग माणसानं वाढवलं, हा वाद काहून?" कन्हानजवळच्या कोळसा खाणीच्या मॅनेजरसाहेबांनी ग्राफ माझ्यापुढे सरकवला. मजुरांना उन्हाळाभर दुपारची शिफ्ट बंद हवी होती. दोन बायकांना भोवळ येऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मी हवामानाची यंत्रं तपासते; माझ्या रिपोर्टवर निकाल लागणार होता.

दिवसाचा ग्राफ खरंच सपाट होता. रात्रीचा मात्र वर्षागणिक चढत गेलेला. मी म्हटलं, सूर्य जास्त तापला असता तर आधी दिवस तापले असते. पण इथं तापल्या त्या रात्री, कारण कोळसा-पेट्रोल जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड गोधडीसारखा उष्णता अडवून धरतो. साहेब हसले. "तुमची पृथ्वी गोधडी काय फक्त रात्रीच पांघरते?"

मला रागच आला, कारण त्यांचा मुद्दा बरोबर होता. दिवसही थोडेफार तापायलाच हवे होते.

भर दुपारी तडक यंत्राकडे गेले. थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. थेट ऊन लागू नये, पण वारा खेळावा म्हणून. पेटी बघितली. चारही बाजूंनी ओली खस, हवा गार करायला कूलरला लावतात ते वाळ्याचं गवत, बांधलेली!

चौकीदार देवरावभाऊ बादली घेऊन उभेच होते. "यंत्र तापून राहिलं होतं जी. बिघडन म्हणून भिजवतो त्याले. संध्याकाळी काढून ठेवतो." आमची तपासणी दरवर्षी हिवाळ्यात. तेव्हा खस दिसणार कुठून? मी कपाळाला हात लावला. रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "पहिले नुसतं नवतपात, मे सरता सरताच्या त्या नऊ दिवसांत लावत होतो. आता होळीपासूनच लावा लागते."

जसजसं ऊन वाढलं, तसतशी खस दरवर्षी लवकर चढत गेली होती, म्हणून दिवसाचा ग्राफ सपाट; रात्री खस नसायची, म्हणून तो ग्राफ खरा. साहेबांना बोलावून देवरावभाऊंचं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं आणि खस काढली. डोक्यावर रुमाल धरून ते चढता पारा बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे आमच्या कोळशानं?"

"एकट्या तुमच्या नाही. पण तुमचाही आहे त्यात."

दुपारची शिफ्ट बंद झाली. खस आता मजुरांच्या शेडला बांधली आहे, देवरावभाऊच भिजवतात. आमची तपासणीही मी भांडून मे महिन्यात आणली. उन्हाळा मोजायचा तर उन्हात जावं लागतं.