साड्यांची खोटी खरेदी

तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून सोनोग्राफीसाठी सासूबाईंनी मला पारोळ्याहून थेट धुळ्याला नेलं. बसमध्ये शेजारीण भेटलीच. "साड्या घ्यायला चाललो," असं सासूबाईंनी ठोकून दिलं. मी चिडले. मी काय चोरी केली होती?

डॉक्टरबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाळाच्या हृदयात दोष वाटतोय. पाचव्या महिन्यात पुन्हा नीट बघू. लवकर कळलं हे बरं झालं, बाळंतपण हृदयाचे डॉक्टर असतील तिथंच करता येईल."

परतीच्या बसमध्ये पुन्हा तीच शेजारीण! "साड्या दाखवा की," म्हणाली. सासूबाईंनी रिकामी पिशवी उलटी करून दाखवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साड्या नही व माय. सुनले दिवस शेतस, बाळना काळीजमा खोट शे. चांगला डॉक्टर माहीत शे का?"

पारोळा येईपर्यंत माझ्या मोबाईलमध्ये तीन डॉक्टरांचे नंबर होते. शेजारणीच्या भाच्याच्याही हृदयात असाच दोष होता, ऑपरेशन झालं, आता तो दिवसभर सायकल हाणतो.

उतरताना ती साड्यांची खरेदी बारशावर ढकलत सासूबाईंना म्हणाली, "साड्या आते बारसाले लिसूत."