सेटवाला धम्मरत्न

दुसरबीडच्या एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेला दिसतो, तो धम्मरत्न. पंधरा वर्षं फौजेत काढून आलेला माणूस म्हटला की लोकांना मारामारीच्या गोष्टी हव्या असतात. टपरीवरची पोरं विचारतात, "भाऊ, किती टिपले?" हा सांगतो, "मी सेट उचलत होतो." सेट म्हणजे पाठीवरचा वायरलेस. झाला पोरांचा हिरमोड! एकानं तर तोंडावर म्हटलं, "एवढ्या मोठ्या फौजेतून आमच्या वाट्याले टेलिफोनवालाच आला का बे?" धम्मरत्न हसला. हसण्यापलीकडे त्याच्या हातात कधी काही नव्हतंच, आणि हे त्या पोरांना कोण सांगणार?

रविवारी बँक बंद असते. त्या दिवशी तो गावातल्या सोजराबाईंकडे जातो. सागर त्यांचा एकुलता एक मुलगा. सागर आणि धम्मरत्न एका वर्गातले, एकाच भरतीत धावलेले, आणि योगायोगानं एकाच कंपनीत पडलेले. सागरला मुली बघायला सुरुवात झाली होती, त्याच वर्षी तो काश्मीरच्या एका नाल्यात चकमकीत गेला. धम्मरत्न पेन्शनीवर परत आला. तेव्हापासून, दोन वर्षं झाली, सोजराबाईंचा प्रश्न ठरलेला आहे. "तू तं संगंच होता ना रे बापा? मंग काऊन नाही गेला त्याच्याजवळ?" हा मान खाली घालून बसतो. बायको सारिका चिडते, "कशाले जाता बोलनं खायले?" तरी जातो. नाही गेला, तर घरात बसूनही त्याला तेच ऐकू येतं.

परवाच्या रविवारी सोजराबाई सुपात हरभरा निवडत बसल्या होत्या. धम्मरत्नाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं मूठभर दाणे उचलले आणि ओट्यावर मांडायला घेतले.

"हे पाहा काकू. हे दहा दाने म्हंजे एक सेक्शन. हा हवालदार, हुकूम देनारा. हे दोघं सगळ्याइच्या पुढं, रस्ता तपासनारे. हा सागर, मशिनगनवाला. हा त्याच्या बाजूचा, गोळ्या पुरवनारा. असे तीन सेक्शन मिळून एक प्लाटून. तीन प्लाटूनची कंपनी, सव्वाशेक मानूस. अन् अशा चार कंपन्या, वरून मोर्टारवाले, गाड्यावाले, लंगरवाले, असे धरून पलटन. आठशे मानूस."

"आठशे!" सोजराबाईंनी सूप खाली ठेवलं. "अन् माह्या लेकराजवळ दहाच?"

"नाल्यात दहाच उतरवले होते काकू. बाकीचे ज्याच्या त्याच्या जागेवर. एकानं जागा सोडली, तं तिकून दुश्मनाले वाट मोकळी व्हते."

"अन् तू कोनता?"

धम्मरत्नानं कंपनी म्हणून केलेल्या मोठ्या ढिगाशेजारी दोन दाणे ठेवले. "हा कंपनीचा साहेब. त्याच्या मागं हा मी. सागर माह्यापासून, तुमच्या घरापासून शाळा हाय ना, तेवढ्यावर होता. पन सेट माह्या पाठीवर. मी उठून पळालो असतो, तं सव्वाशे मानसं मुकी झाली असती. कोनाचा हुकूम कोनाले गेला नसता."

सोजराबाईंनी एकेक दाणा निरखला. मग त्यांनी सावकाश मान हलवली. धम्मरत्नाला वाटलं, सुटलो. हे आधीच का सुचलं नाही, म्हणून तो मनातल्या मनात स्वतःवर चरफडला. पण बाई शाळेत गेली नव्हती एवढंच, खुळी नव्हती. तिनं त्याच्या दाण्यावर बोट ठेवलं आणि ते ओट्यावरून सरकवत सागरच्या ढिगापर्यंत नेलं.

"या सेटवर तुले त्याइचं बोलनं आयकू येऊन राह्यलं होतं?"

आपल्याच हातानं धम्मरत्नानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"हाव."

"सागर बोलला तुह्याशी?"

नाही म्हणता आलं असतं. दोन वर्षं तो तेवढ्यासाठीच गप्प होता. पण समोर ते दाणे मांडलेले, आणि त्याची जीभ खोटं बोलायला वळेना.

"त्याइचा सेटवाला पडला, तवा सागरनं सेट घेतला. म्हने, 'धम्या, मी सागर बोलतो बे. लवकर पाठव कोनाले.'"

"अन् तू काय म्हटलं?"

सेटवर नाव घ्यायचं नसतं. दुश्मन ऐकत असतो. जो तो आपल्या ठरलेल्या नंबरानं बोलतो. साहेब शेजारी उभा होता, आणि वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं तोंडातून आपसूक निघून गेलं होतं.

"मी म्हटलं, 'नाम मत लो. नंबर बोलो.'" एवढं सांगून धम्मरत्न ढसाढसा रडायला लागला. चाळिशीकडे झुकलेला बाप्या, ओट्यावर बसून, भर दुपारी.

सोजराबाईंनी त्याला रडू दिलं.

"मंग? बोलला नंबर?"

"हाव काकू. बोलला. त्याच्यानंतर मंग काहीच नाही बोलला."

"बोललाच असंल," सोजराबाई म्हणाल्या. "लहानपनापासून सांगितलेलं आयकत होतं माहं लेकरू."