भट्टी थंड होईपर्यंत

बैहरच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला एक बंगला होता. तिथे चित्रकार, शिल्पकार आणि शास्त्रज्ञ एका छपराखाली राहून काम करत, हे ऐकून तुम्हा नातवंडांना गंमत वाटली होती. शेवटच्या आठवड्यात तिथे गंमत उरली नव्हती. बंगला देणारे खाणीचे ठेकेदार वारले आणि त्यांच्या मुलांना तो परत हवा झाला. इंग्रजी पत्रव्यवहार जमतो म्हणून तिथली व्यवस्था माझ्याकडे आली होती. आवरून किल्ल्या देणंही माझ्याच वाट्याला आलं.

सगळे थकले होते. पूर्वी जेवणं वादावादीत लांबायची. आता जो तो ताट उचलून आपल्या खोलीत जाई. कामात होती ती फक्त मातीची भांडी घडवणारी नागपूरची बाई. तिने आणि आमच्या रसायनशास्त्रज्ञांनी मिळून भरवेलीच्या खाणीतल्या मँगनीजपासून भांड्यांसाठी जांभळी झिलई करायचा ध्यास घेतला होता. दर वेळी काळपट तपकिरी निघे. शेवटची भट्टी तिने आम्हाला न्यायला ट्रक आला त्याच्या आदल्या दिवशी लावली होती. ती आपोआप निवायला हवी. गरम असताना उघडली की आतलं सगळं तडकतं.

आणि ट्रक ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आला. ड्रायव्हर हट्टा गावचा. मी त्याला उद्यापर्यंत थांबायला सांगितलं.

"थांबलो असतो बाई, पण उद्या धानाचं भाडं हाय," तो म्हणाला. "मंग हा ट्रक तुमाले दिवाळीलेच दिसन."

बंगल्याची रीत अशी की प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरायची. सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. ट्रक परत पाठवून भट्टीसाठी थांबायचं, असं कोणाला वाटतं, विचारलं. एकही हात वर झाला नाही. आज भट्टी उघडून निघायचं? तरीही नाही. आमचे रसायनशास्त्रज्ञ वळकटीचा पट्टा आवळत राहिले. भट्टी लावणाऱ्या बाईनेही हात वर केला नाही. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती.

"एवढे शिकलेले लोक," ड्रायव्हर बिडी विझवत म्हणाला, "अन् एकालेबी हात नाही."

व्यवस्थापक म्हणून मला मत द्यायचा हक्क नव्हता. घरी तुमचे बाबा तापाने पडले होते, सासूबाईंचे निरोप येत होते. खरं सांगायचं तर या भट्टीपायी मला त्या बाईचा रागच आला होता.

"तुम्ही सगळे जा," मी म्हटलं. "मी हिच्याबरोबर थांबते. किल्ल्या माझ्याजवळ आहेत."

"ताई, तुमचं मूल आजारी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. आता बोलू नकोस."

ट्रक सगळ्यांना घेऊन गेला. जाताना शास्त्रज्ञांनी, रंग कसा येतो ते कळवा, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भट्टीच्या तोंडाच्या विटा एकेक करून काढल्या. भांडी तडकली नव्हती, पण तोच काळपट रंग. अगदी तळाच्या सुरईला मात्र एका अंगाने जांभळी झाक होती, उन्हात धरल्यावर दिसेल एवढीच. तिने ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"त्यांनी बघायला हवी होती," ती म्हणाली.

बाकीची भांडी आम्ही तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, बांधून बसच्या टपावर चढवली. सुरई तिला टपावर द्यायची नव्हती, पण जागेवर बसताच तिला झोप लागली. घाटाच्या वळणांवर ती सुरई मीच दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. माझेही डोळे मिटत होते.