वेंडेलनं लावलेलं फाटक

वेंडेल ओल्टमनला आयोवातल्या त्याच्या टापूत तोड नव्हती. असं तो स्वतःच सांगायचा, पण खोटं सांगत नव्हता. दहावीला शाळा सोडली, ती बापाच्या खांद्याला खांदा लावून मका आणि डुकरं सांभाळायला. बंद पडलेला ट्रॅक्टर नुसता आवाज ऐकून ताळ्यावर आणायचा. माजलेल्या डुकराला एका फळीच्या जोरावर कोपऱ्यात दाबायचा. शाळेत ज्या मास्तरांनी "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" म्हणून ऐकवलं होतं, त्याच मास्तरांची गाडी पुढं एका हिवाळ्यात बर्फात रुतली, आणि ओढून काढायला गेला कोण? वेंडेल. हा किस्सा त्यानं गावात इतक्यांदा सांगितला की मास्तर त्याला लांबून बघितलं तरी पलीकडच्या कडेनं जायचे.

त्याची धाकटी बहीण रोंडा. तिच्याबद्दल तो स्वतःपेक्षाही जास्त फुशारक्या मारायचा. बारावी झाली तशी तिनं वायोमिंगमधल्या एका रँचवर उन्हाळ्यापुरतं काम मिळवलं. गुरं हाकायची, घोड्यावर बसून. रँचच्या मालकीण होत्या टार्व्हरबाई, नवरा वारलेल्या. त्यांनी आजवर पोरगी कामाला ठेवली नव्हती आणि डुकरांच्या मुलखातली तर नव्हतीच. रोंडाला पुढं जनावरांची डॉक्टरीण व्हायचं होतं. इथं जम बसला तर बाई पुढच्या उन्हाळ्यालाही बोलावणार होत्या.

"एकटी बसनं जाते की," रोंडा म्हणाली.

"ओल्टमनची पोरगी बसनं जाणार? लोक काय म्हणतील?" वेंडेल म्हणाला. "मी सोडतो. आईबाबांनी तरी कधी मिसुरी नदी ओलांडली आहे? सगळेच जाऊ."

डुकरं शेजारच्या एल्मोवर सोपवली आणि चौघं लांबड्या गाडीत बसून पश्चिमेला निघाले. स्टिअरिंगवर वेंडेल, शेजारी रोंडा, मागं हारलन आणि अर्मा, म्हणजे बाबा आणि आई. बाबांच्या मांडीवर नकाशा, आईच्या पायाशी बर्फाची पेटी. पेटीत हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड.

मिसुरी ओलांडली आणि मका संपला. नुसतं गवत. टेकडीमागं टेकडी, सगळं गवतच.

"इथली माणसं खातात काय?" बाबांनी विचारलं. दिवसभरातलं त्यांचं हे दुसरं वाक्य.

"गुरं," वेंडेल म्हणाला. "आणि गुरं काय खातात ते तुम्हाला दिसतंच आहे."

"एवढ्या रिकाम्या जागेत माझी पोर राहणार," आई म्हणाली. "साधं चर्चसुद्धा दिसेना कुठं."

"देव काय फक्त आयोवात राहतो का आई?" रोंडा हसली.

"राहत नसेल, पण ओळखीचा तरी आहे तिथला."

रस्ताभर वेंडेलचं तोंड चालूच. गाडी कशी पळवावी, ट्रकला कसं मागं टाकावं, टार्व्हरबाईंशी कसं बोलावं. "तिथं गेल्यावर लाजू नको. सांग, आमच्याकडं मी नांगर धरला आहे, जनावरांची बाळंतपणं केली आहेत. आणि काही अडलं तर म्हणायचं, माझा भाऊ असं करतो."

"तुझं नाव घेऊनच नोकरी करते मी," रोंडा म्हणाली. "नाहीतरी माझं स्वतःचं काय आहे?"

रात्री एका मोटेलात चौघं एकाच खोलीत झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रँचच्या कच्च्या रस्त्याला लागले. डांबरी सडकेच्या कडेला टपालाची पेटी, आणि तिथून आत मैलच्या मैल धूळ. मधेमधे तारेची फाटकं. चालकाच्या शेजारी बसणाऱ्यानं उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की लावून परत बसायचं. रोंडानं दोन फाटकं अशी पार केली. तिसरं उघडंच होतं. तारा गुंडाळून गवतात टाकलेल्या.

"चल पुढं, उघडंच आहे," रोंडा म्हणाली.

वेंडेलनं गाडी पुढं काढली आणि ब्रेक दाबला. "उघडंच आहे म्हणजे? कुणातरी आळशानं टाकून दिलंय."

"त्यांनी मुद्दाम ठेवलं असेल. राहू दे ना."

"फाटक मुद्दाम उघडं ठेवतं का कुणी?"

त्याच्या मुलखात उघडं फाटक म्हणजे डुकरं हमरस्त्यावर, शेजाऱ्याच्या मक्यात, आणि रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्या गावाची बोलणी. लहानपणी एकदा फाटक राहिलं म्हणून त्यानं बापाच्या पट्ट्याचा मार खाल्ला होता. तो उतरला, तारा ओढून आणल्या, शेवटचा खुंट खांद्यानं रेटला आणि वरचं कडं अडकवलं. दंडावर लांब ओरखडा उठला. तो त्यानं परत येऊन सगळ्यांना दाखवला.

"हे बघ, असं लावतात. सांग तुझ्या टार्व्हरबाईंना, ओल्टमनची माणसं फाटक उघडं टाकून जात नाहीत."

"बरं केलंस," आई म्हणाली. बाबा नकाशाची घडी घालत होते.

टार्व्हरबाई सत्तरीच्या, काडीसारख्या, आणि आवाज मात्र हाळी दिल्यासारखा. त्यांनी पहिला हात रोंडाशी मिळवला, मग बाकीच्यांशी. "एवढ्या लांबून आलात तर दोन दिवस राहा," म्हणाल्या. गड्यांची एक खोली रिकामी होती.

ते दोन दिवस वेंडेलला सुखाचे गेले. गवत गोळा करायचं यंत्र महिनाभर बंद पडून होतं, ते त्यानं दोन तासांत चालू केलं. क्लीव्ह नावाचा जुना गडी तोंडात काडी धरून बघत राहिला, म्हणाला, "हात चांगला आहे तुझा." वेंडेलनं ते जेवताना सगळ्यांना पुन्हा सांगितलं. रोंडा घोड्यावर बसली, पडली नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला जुनी गाडी देऊन सडकेवरच्या पेटीतलं टपाल आणायला धाडलं. परत आली ती जरा गप्प होती. वेंडेलनं विचारलं, "काय गं, रस्ता चुकलीस का?"

"नाही. ते तिसरं फाटक... बंदच आहे अजून."

"मग? मीच लावलंय ते. वाऱ्यानं उघडणार आहे का?"

"गुरं सगळी तिथं येऊन उभी होती."

"गुरं उभीच राहतात. बसायला त्यांना खुर्च्या देतात का?"

ती हसली नाही. टपाल टेबलावर ठेवून हात धुवायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. सगळे नाश्त्याला बसले होते, आणि क्लीव्ह आत आला. टोपी डोक्यावरच. बाईंच्या घरात टोपी घालून कुणी आत येत नसे, म्हणून सगळ्यांनी वर बघितलं.

"तळ्याकडचं फाटक बंद होतं," क्लीव्ह म्हणाला. "या बाजूची सगळी गुरं तारेला चिकटून उभी आहेत. जिभा बाहेर. एक वासरू खालच्या तारेतून घुसलं, तळ्याच्या चिखलात रुतलं. मेलंय."

टार्व्हरबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्या बाजूच्या कुरणात पाणी नव्हतं. पाणी फाटकापलीकडं. म्हणून तर ते सगळा उन्हाळा उघडं असायचं.

"काल टपालाला कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं, पण बघत होत्या रोंडाकडंच.

"मी गेले होते," रोंडा म्हणाली. "मी लावलं ते."

"इथं फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आमची पोरं बोलायच्या आधी हे शिकतात. तुला कुणी सांगितलं नाही?"

"माहीत आहे मला. चुकलं माझं."

वेंडेलच्या तोंडात पॅनकेकचा घास होता. तो ना आत जाईना ना बाहेर येईना. जिभेवर नुसता गोड पाक. आता बोलू, आता बोलू, असं करताना बाई उठल्यासुद्धा.

"आजपासून गुरांकडं जायचं नाही," त्या रोंडाला म्हणाल्या. "स्वयंपाकघर बघ, बाग बघ. पुढचं पुढं. मला वाटलंच होतं पोरगी ठेवू नये म्हणून."

बाई आणि क्लीव्ह गेले. रोंडा ताटल्या गोळा करायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं, बाबांनी खांद्यावर हात ठेवला. वेंडेल समोर उभा राहिला तर ती म्हणाली, "नीट चालव गाडी." बस. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गाडी निघाली. कुरणातली गुरं आता तळ्याच्या कडेला दाटीनं पाणी पीत होती. एक गाय तेवढी पाण्याशी नव्हती, तारेच्या कडेनं इकडून तिकडं फिरत हंबरत होती. वेंडेलनं काच वर केली. टपालाच्या पेटीपाशी आल्यावर त्यानं गाडी थांबवली, सडकेवर घेतलीच नाही.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"काही नाही. इंजिनाचा आवाज ऐकतोय."

"इंजिनाला काही झालेलं नाही," आई मागून म्हणाली. "जन्मात तुझं तोंड कधी मिटलं नाही रे वेंडेल. झोपेतसुद्धा बडबडतोस. आणि आज नेमकं उघडेना?"

वेंडेल स्टिअरिंग धरून बसला. "तुम्ही पण गाडीत होता. तुम्ही का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," बाबा म्हणाले. "मग उशीर झाला. उशीर झाला की आणखी लाज वाटते." मग म्हणाले, "मीपण चांगला वागलो नाही."

"मी तर 'बरं केलंस' म्हणाले होते," आई म्हणाली आणि रुमाल शोधायला लागली.

वेंडेलनं गाडी वळवली.

रोंडा बागेत बटाट्यांना माती लावत होती. गाडी बघून ती खुरपं टाकून आली.

"का आलास?"

"सांगतो त्यांना. मी लावलं म्हणून."

"आता?" तिचा आवाज चढला. "मघाशी मी निस्तरलं होतं, वेंडेल. महिनाभर भांडी घासली असती, मग बाईंचा राग गेला असता. आता काय म्हणतील त्या? सगळं घरदार तोंड शिवून बसलं होतं म्हणतील. तुला हलकं वाटावं म्हणून माझी नोकरी घालव."

याचा विचार वेंडेलनं केला नव्हता. खरंच केला नव्हता. तो गाडीच्या दारापाशी उभा राहिला. परत बसावं का?

"तू लावलंस ते खोटं नाही," तो म्हणाला. "पण तुला ते बंद सापडलं होतं. आणि मी उघडं बघून लावलं." मग तो तळ्याकडं चालत सुटला, कारण थांबला असता तर राहूनच गेलं असतं.

तळ्याकाठी टार्व्हरबाई आणि क्लीव्ह दोरखंड लावून वासराला चिखलातून ओढत होते. गुडघ्यापर्यंत दोघंही भरलेले.

"बाई, ते फाटक. आमच्याकडं काय असतं, डुकरं असली की..."

"तुमच्याकडचं मला नको," बाई म्हणाल्या. दोर सोडला नाही.

वेंडेल म्हणाला, "मी लावलं. आलो त्याच दिवशी. रोंडा नको म्हणत होती. आणि नाश्त्याला मी गप्प बसलो."

बाईंनी आता त्याच्याकडं बघितलं. "आईबाप?"

"तेही गाडीत होते."

"चौघं जण. आणि तोंड उघडलं एकीनं, तेही अर्धंच." त्या क्लीव्हला म्हणाल्या, "उद्या तिला तुझ्याबरोबर वरच्या कुरणात ने. बंद सापडलं, बंद ठेवलं. बरोबरच केलं तिनं." मग म्हणाल्या, "गुरं बघून विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. म्हणून आज बटाटेच."

"आणि मी?" वेंडेल म्हणाला.

"तुझं काय? तू माझा गडी थोडाच आहेस?"

वेंडेल पुढं सरकला, दोराला हात घालायला. "ओढतो मी. माझ्या अंगात..."

"नको. आमचं आम्ही करू." आणि तो वळल्यावर मागून, "ऑगस्टमध्ये तिला न्यायला बापाला पाठव."

परतीच्या वाटेवर गाडी बाबांनी चालवली. वेंडेल मागं बर्फाच्या पेटीशेजारी बसला. आईनं सँडविच पुढं केलं, त्यानं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

गावात लोकांनी विचारलंच. पश्चिम कशी आहे, काय काय केलंस? गवताचं यंत्र चालू केल्याचं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "गवत आहे. खूप गवत." एल्मोला वाटलं याला ताप आलाय.

ऑगस्टमध्ये बाबा एकटेच गेले. वेंडेलनं डुकरं सांभाळली. रोंडा आली ती उन्हानं तांबूस झालेली, चालसुद्धा बदललेली. जेवताना घोड्यांच्या, वादळांच्या, क्लीव्हच्या गोष्टी संपेनात. बाईंनी पुढच्या उन्हाळ्याला बोलावलं होतं. वेंडेलनं सगळं ऐकलं. अभिमानानं छाती भरून येत होती, पण मधे एकदाही तो बोलला नाही. आई उठून आत गेली तेव्हा त्यानं हळूच विचारलं,

"त्या गाईचं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"जिचं वासरू... ती हंबरत होती बघ. तारेच्या कडेनं."

रोंडानं त्याच्याकडं बघितलं. चिडली नव्हती, आठवायचा खरंच प्रयत्न करत होती.

"तिथं शेकड्यानं गाई आहेत रे वेंडेल," ती म्हणाली. "मला काय माहीत ती कुठली."