मशीननं केलेला संकर

आमच्या घरी भाकरी मोजून थापायचे. आई आष्टीजवळ कापसाच्या सीड प्लॉटवर, म्हणजे बियाणं तयार करायच्या शेतात, रोजानं जायची, सुट्टीत मीही.

कॉलेजात गटानं नव्या तंत्रज्ञानावर बोलायचं होतं. मार्क सगळ्या गटाला एकत्र. बुडाले तर माझंही वर्ष जाणार. आमचा विषय संकरित बियाणं. शेत फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली तिघं शहरी पोरं बोलणार आणि मी तक्ता धरणार, हे त्यांनीच ठरवलं.

सरांनी विचारलं, "संकर करतात कसा?"

"मशीननं, सर!" त्यांचा म्होरक्या म्हणाला.

मी तक्ता खाली ठेवला. "मशीन न्हाई सर. बाया संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखानं काढतात, सकाळी दुसऱ्या जातीचे पराग लावतात. मीपण लावलेत."

"मंग पुढचं तूच सांग," सर म्हणाले.

सांगितलं. मार्क चांगले पडले. बाहेर म्होरक्या मित्रांना म्हणत होता, "आपली तयारी बिलकुल पक्की होती!"

पुढं मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच.