मैदानतात्यांचा बांध

मैदानतात्यांना खेळता मात्र काही येत नव्हतं. हुतूतूत त्यांचा दम समोरच्या गड्यापर्यंतसुद्धा पोचत नसे आणि आट्यापाट्यांत ते पहिल्याच पाटीवर सापडत. बाद झाले की धोतराचा सोगा सावरत कडेला बसायचे आणि आपणच डाव जिंकल्यासारखे हसायचे. बारामतीच्या कालव्यापलीकडे आमची नवी पेठ वसत होती, तिथे मैदान असावं म्हणून या माणसाने जिवाचं रान केलं. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, "खेळनारा गडी बोळातबी खेळंल. आमच्यासारख्या कच्च्या लिंबांना ऐसपैस जागा लागती."

मी शेळगावची. लग्न होऊन पेठेत आले तेव्हा निम्म्या घरांचा अजून पायाच भरत होता. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, गुळाचा बाजार वाढला, तशी आसपासच्या गावांतली माणसं इथेच घर बांधू लागली. तात्या मूळचे काटेवाडीकडचे, वांगी आणि पेरू पिकवणारे. पेठेच्या पंचांपैकी एक, आमचे शेजारी आणि नात्याने माझे चुलत सासरे.

जागा वाटून घ्यायला पंच बसले, तेव्हा मधली सपाट जागा प्रत्येकाला आपल्या घरासाठी हवी होती. तात्या सगळ्यांचं ऐकून घेत पान चघळत बसले. मग म्हणाले, "शेतात खळं ठेवता का न्हाय तुमी? तितं पीक निघत न्हाय म्हून जागा वाया गेली म्हनता व्हय? पेठंलाबी खळं पायजे. पोरं मळायला." खळ्यावाचून शेत कुणी पाहिलं होतं? मैदान राहिलं, आणि तात्यांचे मैदानतात्या झाले.

पण मैदान ठेवणं सोपं, राखणं अवघड. आमची सगळी पेठ शेतकऱ्यांची. नांगर हातात आला की शेजारचा बांध वीतभर कोरल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही. घर बांधलं म्हणून काही हात बदलत नाही. एकाचा गोठा पुढे सरकला. दुसऱ्याने सरपण रचलं. तिसऱ्याच्या कारभारणीला दोडक्याच्या वेलासाठी नेमका मैदानातच मांडव सुचला. भांडायला कुणी जात नव्हतं, कारण प्रत्येकाचंच काही ना काही आत आलेलं. असंच चाललं असतं तर मैदानाचं अंगण व्हायला वेळ लागला नसता. तात्यांना अन्न गोड लागेना.

एके सकाळी ते आमच्या दारात आले. "सूनबाई, पान्याला कुठनं जातीस?"

मी पदर सावरत म्हटलं, "गाडीवाटंनं."

"उद्यापासनं मैदानाच्या कडंकडंनं जा. समद्याजनींना घेऊन जा. मधनं न्हाय, कडंनंच."

"लांब पडंल की, तात्या."

"पडू दे. बाईमानसाच्या वाटंवर कुंपन घालायची छाती हाय कुनाची?"

आम्ही हसत हसत निघालो. डोक्यावर घागरी आणि तोंडाला अखंड चाळा, अशी आमची वरात रोज मैदानाला वळसा घालू लागली. सरपणाला अडखळून एकीची घागर कलंडली आणि सरपणवाल्याच्या आईनेच लेकाला चार शब्द सुनावले. दुपारपर्यंत सरपण परसात गेलं. हळूहळू गवत मोडून स्वच्छ पायवाट पडली. तिच्या आत आट्यापाट्या रंगू लागल्या, तालमीतले गडी दंड काढायला येऊ लागले आणि पंचमीला आम्ही बायकांनी तिथे अशा फुगड्या घातल्या की पुरुषमाणसं वाट सोडून उभी राहिली. सासरी मोकळ्यावर हसायला मिळालेली माझी ती पहिली जागा. त्या सुखासाठी मी आजही तात्यांना हात जोडते.

एकदा वाटेने येताना माझा पदर मेंदीच्या कुंपणात अडकला. कुंपण तात्यांचं होतं. जुनं वाळलं म्हणून त्यांनी नवं लावलं होतं, आणि ते चांगलं हातभर पुढे आलं होतं. तात्या तिथेच आळं करत होते. मला बोलायचा धीर होईना. शेवटी एवढंच म्हटलं, "तात्या, पदर अडकलाय."

त्यांनी पदराकडे पाहिलं, पायवाटेकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. आणि ठसका लागेपर्यंत हसले. "सूनबाई, ह्या हातानं मला इचारलंबी न्हाय गं."

संध्याकाळी मैदान भरलेलं असताना त्यांनी सगळ्यांदेखत मेंदी उपटली. खेळ थांबवून गडी मदतीला धावले. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता दोडक्याचा मांडव निघाला आणि पाठोपाठ गोठाही मागे गेला.

पुढे काही वर्षांनी तात्यांनी अंथरूण धरलं. पंचांनी मोठ्या प्रेमाने ठरवलं, मैदानाच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा कट्टा बांधायचा. सांगायला सगळे मिळून आले. मी पेज घेऊन तिथेच होते. तात्यांनी उशाला तक्क्या मागून घेतला, उठून बसले.

"आज कट्टा. उद्या त्येच्यावर छप्पर. परवा त्येच्यात दुकान. माझ्या नावानं बांध कोरता व्हय रं?"

पंच हसले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. तात्यांनी एकेकाचा हात हातात घेऊन वचन घेतलं, तेव्हाच पाठ टेकली. महिनाभराने ते गेले.

आम्ही वचन पाळलं. मैदानात त्यांच्या नावाचा दगडसुद्धा नाही. पेठेत नव्याने आलेल्या सुना पाण्याला जाताना मला विचारतात, "काकू, एवढी मोठी जागा कुनाची हो?"

"कुनाचीच न्हाय," मी सांगते, आणि सांगताना तात्यांच्या अभिमानाने माझा ऊर भरून येतो.