नारळ पडल्यावरचा समुद्र

लाट म्हणजे पाणी नव्हे, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. तेही समुद्रावर नाही, लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर. बायको आणि मुलगी वाळलेली चादर घडी घालण्याआधी झटकत होत्या. बायकोने तिच्या टोकाला हिसका दिला, एक उंचवटा उठला आणि सरसरत मुलीच्या हातापर्यंत गेला. चादर जागची हलली नाही, धावला तो नुसता हिसका.

"पुन्हा कर," मी म्हणालो.

"काय?"

"तेच. जरा हळू."

बायको ठाकूरद्वारची. तिकडच्या माणसांना आवाज न चढवता माणूस खाली बसवता येतो. "अहो, दुसरं टोक तुम्ही धरलंत तर जास्त नीट कळेल," ती म्हणाली. मी धरलं, आणि लाटांच्या नादात चादर खाली पाडली.

हे वेड गोव्याहून आलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गेलो होतो. किनाऱ्यावर एक पोरगेलासा शिक्षक लोकांना सर्फिंग शिकवत होता. मुलीसाठी चौकशी करायला गेलो आणि ती "मला नको, तूच कर" म्हणाल्यामुळे मीच आडवा झालो. गुडघाभर लाटा. त्याने मागून फळी ढकलली, ओरडला "उठा!", आणि मी उठलो. "अरे!" म्हणायला लागतो तेवढा वेळ उभा होतो. बायकोने त्याचा व्हिडिओ काढलाय. त्यात आधी तिचं बोट दिसतं, मग आकाश, आणि मग पाण्यात पडलेला मी. उभा असलेला मी जगात कुठेच नोंदलेला नाही. पण मला ठाऊक आहे. पायाखालून समुद्र चालत होता आणि मला बरोबर घेऊन चालला होता. तोवरच्या आयुष्यात मला असं कुणीही विनाअट बरोबर घेतलं नव्हतं.

परत आल्यावर मी दादरच्या चौपाटीवर जाऊन बसू लागलो. लोक तिथे भेळ खायला येतात, मी लाटा बघायला. पावसाळ्यात लाटा घोळक्याने येतात, मधे समुद्र दम खातो. मोठी यायची असली की लांबवर पाण्याचा रंग गडद होतो. ओहोटी अर्ध्यावर आली की एका ठरावीक जागी, जिथे खाली वाळूचा उंचवटा असावा, लाट उभी राहते आणि डावीकडून सोलल्यासारखी फुटत जाते. बाकी सगळीकडे ती धपकन आपटते. मला ती एकच जागा हवी होती. गोव्यात ढकलायला माणूस असतो. इथे स्वतः हात मारून लाट पकडायची आणि एकदा, फक्त एकदा, आपल्या समुद्रावर उभं राहायचं.

अडचण आईची होती.

आईचं माहेर मालवणकडे, देवबागचं. तिचा थोरला भाऊ आषाढात होडी घेऊन गेला तो आला नाही. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी समुद्रात पाय घालत नाही. वडील उभी हयात गिरणीत होते, त्यांचा समुद्राशी संबंध पापलेटापुरता. तरी त्यांनाही हा नियम लागू होता. माझे उद्योग कानावर गेल्यावर तिने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला.

"नारळ पडल्याशिवाय दर्यात पाय घालूचो नाय. सांग, घालूचंय नाय."

"नाही घालणार, आई."

"पन्नाशी इली तरी मेल्याक खेळूचा आसा."

आता यातली मेख बघा. आमच्या समुद्राला लाटा असतात त्या पावसाळ्यात. नारळ पडला की तो दिवसादिवसाने सज्जन होत जातो आणि नवरात्रापर्यंत तळ्यासारखा सपाट. म्हणजे लाट असते तेव्हा शपथ, आणि शपथ सुटते तेव्हा लाट संपत आलेली. उरतात ते पौर्णिमेनंतरचे थोडके दिवस, जेव्हा शपथही सुटलेली असते आणि जोरही पुरता ओसरलेला नसतो. वर्षाला एवढीच खिडकी.

आणि फळी नव्हती. दुकानातल्या फळ्या बारीक पोरांच्या. माझ्या देहाला लांब, रुंद, जाडजूड फळी हवी, नाकाकडे जरा उचललेली, म्हणजे लाटेवरून उतरताना ती पाण्यात खुपसत नाही. शाळेपासूनचा एक मित्र परळला मखरं बनवतो. थर्माकोलवर बंदी आल्यापासून तो पुठ्ठ्याची करतो, पण जुने दोन भलेमोठे ठोकळे त्याच्या कारखान्यात पडून होते. मी चित्र घेऊन गेलो.

"एवढंच?" तो म्हणाला. "अरे, मी आख्खे राजवाडे उभे केलेत. ही तर नुसती फळी. टेन्शन नको घेऊ."

त्यातला एक त्याने गरम तारेने लोण्यासारखा कापला. मग घासकाम. कडा अशा गोल केल्या की हात फिरवत राहावंसं वाटे. रोज ऑफिस सुटलं की मी तिथे. एके दिवशी गेलो तर नाकावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या.

"हे काय?"

"रिकामं रिकामं वाटत होतं रे."

पाकळ्या घासून काढायला लावल्या, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वर फायबरचं कवच चढवायचं होतं. त्यासाठी मित्राने गल्लीच्या टोकाचा फायबरवाला आणला, मोठमोठ्या मूर्तींचे फायबरचे हात-पाय ओतणारा कसबी माणूस. त्याने काचेचं कापड अंथरलं, डब्यात रसायन कालवलं आणि ब्रशने पहिला हात मारला. आम्ही तिघे कौतुकाने बघत होतो. मग चर्रर्र असा आवाज आला, कढईत ओली भाजी पडल्यावर येतो तसा. फळीच्या पोटाला खड्डा पडला. खड्डा खोल होत गेला. आमच्या डोळ्यांदेखत ती आतून विरघळत गेली, आणि शेवटी कापडाची चिकट साल तेवढी उरली, सापाच्या कातेसारखी. डोळ्यांना झोंबणारा वास सुटला होता.

मित्राने काठीच्या टोकाने ती साल उचलून बघितली.

"च्यायला," मित्र म्हणाला.

"माझी चूक नाय," फायबरवाला म्हणाला. "मी कायम प्लास्टरच्या साच्यावर मारतो. साचा कधी विरघळला नाय."

त्या रसायनाने थर्माकोल खाल्ला जातो, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. बाजारात दुसरं मिळतं, सावकाश सुकणारं, त्याने थर्माकोलला काही होत नाही. हे कळलं तेव्हा गणपतीची घाई सुरू झाली होती. आमच्या भागात त्या दिवसांत कुणाला मरायलाही सवड नसते, फळी कोण करणार? त्या वर्षीची खिडकी मिटली.

पुढच्या वर्षी मी कुणावर सोपवलं नाही. दुसऱ्या ठोकळ्याची फळी स्वतः घासली, त्या सावकाश सुकणाऱ्या रसायनाचं कवच चढवलं, पुन्हा घासली, अख्खा उन्हाळा. मित्र खुर्चीत बसून "उजवीकडे पोट आलंय तिला, तुझ्यासारखं" असं सांगायचा आणि मी घासायचो. सुकलेल्या कवचाला घासपेपर मारणं म्हणजे काय, ते उजव्या खांद्याला विचारा. आधी नुसता ठणका होता. मग सदरा घालताना हात वर जाईना. मी बाम चोळला. बायकोने डॉक्टरकडे नेलं.

"आतला स्नायू पार झिजलाय," डॉक्टर एमआरआयचा फोटो उजेडाकडे धरून म्हणाले. "फाटायच्या बेतात आहे. असं काय करता तुम्ही?"

"फळी," बायको म्हणाली.

"सुतार आहात?"

"विमा कंपनीत आहेत," ती म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सांगितलं, की या हाताने पुन्हा डोक्यावर नेऊन जोर लावायचा नाही. काही दिवस नाही, कायमचं. पोहणंसुद्धा बंद.

मी हिशेब केला. एवढी एक पौर्णिमा. त्यानंतर कशाचीच वाट बघायची नाही.

नारळ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागल्यावर आम्ही दादरला गेलो. फळीचं एक टोक बायकोने धरलं होतं, एक माझ्या डाव्या हाताने. आई प्लास्टिकचं स्टूल घेऊन वाळूत बसली. शपथ तिची, तेव्हा ती सुटतानाही ती हजर हवी. शिट्टीवाला जीवरक्षक आला. "काका, ह्याच्यावर बसून जाणार कुठे?" त्याची समजूत घालून, फार लांब जाणार नाही असं कबूल करून मी पाण्यात शिरलो. पायाला पहिल्यांदा गुंडाळली गेली ती प्लास्टिकची पिशवी.

डाव्या हाताने वल्हवत माझ्या जागी पोचलो. आदल्या दिवशी वाहिलेले नारळ भरतीने परत आणले होते, त्यातला एक माझ्या शेजारीच डुलत होता. आम्ही दोघं वाट बघत होतो. घोळका आला. पहिली सोडली, ती आपटणारी होती. मागे रंग गडद झाला. मी वळलो. दोन पावसाळे किनाऱ्यावरून जे बघितलं होतं ते सगळं आता अंगाला कळत होतं. ती कुठे उभी राहणार, कुठून सोलत जाणार, मी कुठे असायला हवं. मी नेमका तिथेच होतो. उगाच बढाई नाही मारत. आयुष्यात इतक्या अचूक जागी मी कधीच नव्हतो.

फळीची शेपटी उचलली गेली. आता दोन्ही हातांनी तीन-चार जोरकस हात, बस. डावा गेला. उजवा उचलला, आणि खांद्यात कापड फाटावं तसं काहीतरी टरकन फाटलं. हात पाण्यात पडला तो पडलाच. मी एका हाताने धडपडलो, फळी तिरकी झाली, आणि लाट माझ्या खालून निघून गेली. हळूच, धक्काही न देता. मला तिची पाठ दिसली. नारळाला मात्र तिने घेतलं. तो तिच्या कडेने थेट किनाऱ्यापर्यंत गेला.

पुढच्या फेसाने मला फळीसकट वाळूवर आणून टाकलं, पोतं टाकावं तसं. बायको पाण्यात धावत आली. तिने मला उठवलं, फळी ओढून काढली, ओढणीने माझं तोंड पुसलं. टोमणा मारला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही, आणि सगळं संपलंय हे मला त्यावरून कळलं.

आईला दुरून एवढंच दिसलं होतं, की एक लाट माझ्याकडून निसटली.

"चुकली मां?" ती म्हणाली. "चुकूंदी. बस हंयसर. दुसरी येतली."

मी हात पोटाशी धरून तिच्या स्टुलाला टेकून बसलो. लांबवर पाणी गडद झालं. दुसरी आली, बरोबर त्याच जागी उभी राहिली आणि डावीकडून सोलत गेली. तिच्या मागून तिसरी, मग चौथी. तिन्ही चांगल्या होत्या.